खानदेशातल्या व्यापाऱ्यासाठी सबस्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर: आखणी कशी करायची

जळगाव, धुळे, शिरपूर, फैजपूर इथल्या कॉलेजांतून इंजिनिअर होऊन बाहेर पडणारी बरीचशी मुलं पुण्याची गाडी धरतात. जी इथेच राहून स्वतःचं काही उभं करायचं म्हणतात त्यांच्यासाठी हा लेख आहे. तुम्हाला वेबसाइट बनवता येते, डेटाबेसशी तोंडओळख आहे, एखाद-दुसरं काम करून दिलेलं आहे, एवढं मी धरून चालतो. एकाच सॉफ्टवेअरवर शंभर व्यापारी बसवायचे आणि प्रत्येकाकडून दरमहा पैसे घ्यायचे, हे मात्र नवीन आहे.

आपल्याकडच्या बाजारपेठेला सॉफ्टवेअर म्हणजे एकदा पैसे मोजून घ्यायची वस्तू वाटते. इन्स्टॉल करून जा, वर्षाला एएमसी (देखभालीचे पैसे) घे. त्यामुळे पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘एकदाच सांग, कितला पैसा लागतीन भो?’ सबस्क्रिप्शनमध्ये ‘एकदाच’ नसतं. गिऱ्हाईक दर महिन्याला नव्याने ठरवतो की हे ठेवायचं की सोडायचं. म्हणून आखणी डेमोच्या दिवसासाठी करू नका, तेराव्या महिन्यासाठी करा. हिशोब सोपा आहे. १०० गिऱ्हाइकांपैकी दरमहा ५ टक्के गळत गेले तर वर्षाअखेर ५४ उरतात. गळती २ टक्क्यांवर आणली तर ७८ उरतात. नवीन गिऱ्हाईक शोधायला फिरण्यापेक्षा असलेला टिकवणं स्वस्त पडतं, आणि टिकवण्याचं निम्मं काम डेटाबेसमधला पहिला तक्ता आखतानाच होतं.

पुढची उदाहरणं रावेर-यावल-सावदा पट्ट्यातल्या केळी खरेदीदाराची घेतो. डाळ मिल, जिनिंग, नंदुरबारची मिरची, सराफाचं दुकान, काहीही घ्या, सांगाडा तोच राहतो.

आधी धंदा ठरवा, मग स्क्रीन

पहिलंच सॉफ्टवेअर ‘शेतकऱ्यांसाठी अॅप’ असू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हेतू चांगला असतो, पण दरमहा पैसे देणारा शेतकरी सापडणं अवघड. ज्याच्या हिशोबात रोज शंभर नोंदी होतात आणि चुकीच्या नोंदीने ज्याचा खिसा कापला जातो, तो पैसे देतो. म्हणजे खरेदीदार, आडत्या, मिलवाला.

धंदा ठरला की त्याची वही बघायला मागा. लॅपटॉप घरी ठेवा. चार दिवस मुनीमजींच्या शेजारी बसा आणि वहीतले रकाने, खाडाखोड, समासातल्या खुणा उतरवून घ्या. खरी मागणी समासात असते. एखाद्या नावापुढे पेन्सिलीने टिंब असेल तर विचारा. ‘याला आगाऊ दिले आहेत, पट्टीतून कापायचे’ (पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचा आणि पैशांचा हिशोब) असं उत्तर आलं तर तुमच्या डेटाबेसमध्ये उचल नावाचा तक्ता लागणार. तो शेठ डेमोत कधीच सांगणार नाही, कारण त्याच्या लेखी ती सांगायची गोष्टच नाही.

आणि एकाच फर्मची वही बघून थांबू नका. निदान तिघांच्या बघा. तिघांत जे सारखं ते सॉफ्टवेअर, जे वेगळं ते सेटिंग. एकाच्या सांगण्यावरून बांधलेलं दुसऱ्याला बसत नाही. मग प्रत्येकासाठी कोडची वेगळी प्रत निघते, आणि प्रती वेगळ्या झाल्या की तो सबस्क्रिप्शनचा धंदा राहत नाही, मजुरी होते.

एक कोड, एक डेटाबेस, फर्म वेगळ्या

सगळ्या व्यापाऱ्यांची माहिती एकाच डेटाबेसमध्ये ठेवायची आणि प्रत्येक तक्त्यात ‘फर्म आयडी’ हा रकाना द्यायचा, ही सुरुवातीला सर्वांत सोयीची पद्धत. प्रत्येकाला वेगळा डेटाबेस देता येतो, पण चाळीस डेटाबेसमध्ये एकेक रकाना वाढवत बसायची वेळ आली की झोप उडते.

धोका एकच, पण जीवघेणा: एका क्वेरीत (डेटाबेसकडे केलेल्या मागणीत) फर्मची अट घालायची राहून गेली की एका व्यापाऱ्याचे भाव दुसऱ्याला दिसतात. सावद्याचा खरेदीदार कोणाला काय भाव देतो हे शेजारच्या खरेदीदाराला दिसलं, तर संध्याकाळपर्यंत गावभर होईल आणि तुमचं दुकान बंद. म्हणून ही अट माणसाच्या लक्षात राहण्यावर सोडू नका. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ९.५ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून, ‘रो लेव्हल सिक्युरिटी’ आहे. ‘चालू फर्मच्याच ओळी दाखव’ हा नियम तक्त्यावरच बसवता येतो. यात नवख्यांचा एक हमखास घोटाळा होतो. तक्त्याच्या मालकाला (ज्या युजरने तक्ता बनवला त्याला) आणि सगळे अधिकार असलेल्या सुपरयुजरला हा नियम आपोआप लागू होत नाही. तुमचं अॅप त्याच मालक-युजरने जोडलेलं असेल तर नियम लिहूनही तो चालत नाही आणि तुम्हाला कळतही नाही. अॅपसाठी कमी अधिकारांचा वेगळा युजर करा. मग दोन बनावट फर्म तयार करून एकीत लॉगिन करा आणि दुसरीची पावती उघडायचा प्रयत्न करणारी चाचणी लिहा. ती चाचणी प्रत्येक बदलानंतर चालली पाहिजे.

लोक आणि फर्म यांचं नातं एकास-एक धरू नका. एकच मुनीमजी सकाळी एका पेढीवर आणि दुपारनंतर दुसऱ्या पेढीवर बसतात, मोबाइल नंबर तोच. शेठच्याही दोन फर्म असतात, एक स्वतःच्या नावावर, एक मुलाच्या. म्हणून माणसांचा तक्ता वेगळा, फर्मचा वेगळा, आणि मधे ‘कोण, कुठल्या फर्मात, कोणत्या अधिकाराने’ हा तिसरा. अधिकार तीनच ठेवा: मालक, हिशोबनीस, काट्यावरचा माणूस. काट्यावरच्या पोराला वजन टाकता यावं, भाव बदलता येऊ नये. एवढं मिळालं तरी शेठ खूश असतो.

आकडे जपा

इथे थोडं रेंगाळतो, कारण व्यापाऱ्याचा विश्वास इथेच बसतो किंवा उडतो.

समजा भरलेली गाडी १६,४८० किलो, रिकामी ६,९२०. निव्वळ माल ९,५६० किलो. व्यवहारात २ टक्के कपात ठरली आहे, तर उरले ९,३६८.८ किलो. भाव क्विंटलला १,४५० रुपये धरला तर रक्कम होते १,३५,८४७ रुपये ६० पैसे. आता कुणी मधेच वजन पूर्ण किलोत करून ९,३६९ धरलं, तर रक्कम होते १,३५,८५० रुपये ५० पैसे. फरक २ रुपये ९० पैशांचा. रक्कम किरकोळ आहे, पण शेतकऱ्याच्या हातातल्या कागदी पट्टीवर एक आणि मोबाइलवर दुसरं दिसलं की तो दोन्हींवर विश्वास ठेवत नाही. म्हणून आकडा कुठे पूर्णांकात आणायचा हे व्यापाऱ्याच्या रिवाजाप्रमाणे ठरवा, एकाच जागी करा, आणि ते सेटिंगमध्ये लिहिलेलं असू द्या. रक्कम पैशांत आणि वजन ग्रॅममध्ये, पूर्ण संख्या म्हणून साठवा. दशांशाचा ‘फ्लोट’ हिशोबाला वापरू नका.

भाव पावतीवरच साठवा. भावाचा तक्ता वेगळा असेल तर पावती बनताना त्यातला भाव उचलून पावतीत नक्कल करून ठेवा. नाहीतर उद्या भाव बदलला की कालच्या पावत्यांची बेरीज बदलते.

बिल नंबरची गंमत वेगळीच. जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिलाचा नंबर सलग, त्या आर्थिक वर्षात एकमेव आणि जास्तीत जास्त १६ अक्षरांचा असावा लागतो. डेटाबेसचा स्वयंचलित क्रमांक यासाठी कामाचा नाही. व्यवहार मधेच फसला तर तो आकडा वाया जातो आणि मधे खड्डा पडतो. शिवाय तो सगळ्या फर्मचा मिळून चालतो. फर्म आणि आर्थिक वर्ष अशा जोडीला एक मोजणीची ओळ ठेवा आणि बिल जतन होताना तिला कुलूप लावून पुढचा नंबर घ्या. १ एप्रिलला नवी ओळ.

वेळेचं भान ठेवा. सर्व्हर बहुधा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालतो आणि आपण साडेपाच तास पुढे आहोत. पहाटे पाचला भरलेल्या गाडीची नोंद यूटीसीप्रमाणे आदल्या दिवशीच्या रात्री साडेअकराची ठरते. ‘आजची खरेदी’ या अहवालातून ती गाडी गायब. वेळ यूटीसीत साठवा, पण दिवस मोजताना भारतीय वेळ लावा. व्यवहाराची तारीख हा वेगळा रकाना असू द्या, कारण मुनीमजी कालची राहिलेली नोंद आज टाकतातच.

मराठी कीबोर्डवरून कोणी १२ टाकलं तर जावास्क्रिप्टला तो आकडा वाटत नाही. देवनागरी अंक आधी बदलून घ्या. हे दहा ओळींचं काम आहे, पण न केल्यास फोन मात्र तुम्हालाच येतो.

मळ्यात चालेल असा फॉर्म

वजनाची नोंद ऑफिसात होत नाही. ती बांधावर, उन्हात, एका हातात मोबाइल धरून होते. रेंज एका काडीची. म्हणून नोंदीच्या पानावर चारच रकाने ठेवा: शेतकरी, भरलेली गाडी, रिकामी गाडी, भाव (काट्यावरच्या माणसाला तो फक्त दिसेल, बदलता येणार नाही). अंक टाकायच्या जागी थेट अंकांचा कीबोर्ड उघडला पाहिजे. बटण अंगठ्याला सापडेल एवढं मोठं.

नेट गेलं तर टाकलेलं पुसलं जाऊ नये. ब्राउझरमध्येच मसुदा साठवा, रेंज आल्यावर पाठवा. आणि ‘जतन’ दोनदा दाबलं जाणारच आहे. प्रत्येक नोंदीला फोनवरच एक एकमेव ओळखक्रमांक द्या. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने नवी पावती न करता जुनीच परत द्यावी. एवढं केलं नाही तर एका गाडीचे पैसे दोनदा दिसतात. बिल नंबर मात्र फोनवर कधीही देऊ नका, तो सर्व्हरच देईल.

प्लॅन आणि किंमत

कोडमध्ये ‘प्लॅन गोल्ड असेल तर’ अशी अट लिहिली की फसलात. प्लॅनची नावं आणि किमती सहा महिन्यांत बदलतात. अट सुविधेवर लावा: किती युजर, महिन्याला किती पावत्या, एक्सेल निघतो का. प्लॅन म्हणजे अशा मर्यादांची यादी, डेटाबेसमध्ये ठेवलेली. किंमत वाढवाल तेव्हा जुनी ओळ बदलू नका, नवी टाका. जुन्या गिऱ्हाइकाला जुन्या ओळीवर राहू द्यायचं की नाही हे मग तुमच्या हातात राहतं.

किंमत सांगताना जीएसटी आधीच धरा. सॉफ्टवेअर सेवेवर १८ टक्के लागतो. ५०० रुपयांचा प्लॅन ५९० ला पडतो. सराफाला किंवा पाइपच्या कारखानदाराला त्या ९० रुपयांचं क्रेडिट मिळतं, म्हणजे स्वतः भरायच्या जीएसटीतून ते वजा करता येतात. ताज्या केळीवर मात्र जीएसटीच नाही, त्यामुळे फक्त केळीचा व्यापार करणाऱ्याला ते ९० रुपये खिशातूनच जातात. त्याला ‘५०० अधिक कर’ सांगाल तर पहिल्याच बिलावर वाद होईल. ५९० च सांगा. तुमची स्वतःची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत आहे आणि नोंदणी घेतलेली नाही, तर जीएसटी आकारताच येत नाही. तेव्हा नोंदणीचा दिवस येईल हे धरूनच भाव ठेवा.

फर्मच्या माहितीत राज्य हा रकाना पहिल्या दिवसापासून हवा. रावेरच्या पलीकडे बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात आहे. रावेरच्या गिऱ्हाइकाच्या बिलावर सीजीएसटी (केंद्राचा) ४५ आणि एसजीएसटी (राज्याचा) ४५, बऱ्हाणपूरच्या बिलावर आयजीएसटी (दोन राज्यांमधला) ९०.

स्वस्ताई करू नका, हेही सांगतो. ९९ रुपये महिना घेणाऱ्याला एका गिऱ्हाइकासाठी जळगावहून रावेरला एकदा जाऊन यावं लागलं तर पेट्रोलमध्ये दोन-तीन महिन्यांची कमाई जाते, अर्धा दिवस वेगळाच. आणि ९९ वाले फोन कमी करतात असंही नाही.

हंगामाचा विचार आमच्याकडे करावाच लागतो. जिनिंग दसरा-दिवाळीनंतर सुरू होतं आणि उन्हाळ्यापर्यंत चालतं. बंद मिलला दर महिन्याचं बिल गेलं की मालक चिडून खातंच बंद करतो. त्याला ‘थांबवा’ची सोय द्या: पैसे नाहीत, नव्या नोंदी नाहीत, जुनं सगळं बघता येतं. हंगाम आला की एका बटणात चालू.

पैसे येण्याची वाट

यूपीआय ऑटोपे जुलै २०२० पासून आहे. कार्डांच्या आपोआप कपातीचे रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाले. गिऱ्हाइकाने एकदा मंजुरी दिली की १५,००० रुपयांपर्यंतची प्रत्येक कपात पुन्हा ओटीपी न मागता होते, पण किमान २४ तास आधी सूचना जावी लागते. ही सूचना म्हणजे धोक्याची घंटा समजा. ती वाचून खातं बंद करणारे असतात. सूचनेच्या आदल्या दिवशी तुमच्याकडून ‘या महिन्यात इतक्या गाड्या, इतक्या पट्ट्या, इतकी उधारी वसूल’ असा एक मेसेज जाऊ द्या. एसएमएस पाठवणार असाल तर डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेवर) हेडर, म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव, आणि मजकुराचा साचा आधी नोंदवावा लागतो, त्यात दिवस जातात.

पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे गोळा करून देणारी सेवा) तुमच्या सर्व्हरला ‘पैसे आले’ असं वेबहुकने, म्हणजे आपणहून पाठवलेल्या निरोपाने, कळवतो. तो निरोप दोनदा येऊ शकतो, उशिरा येऊ शकतो, ‘फसलं’ आणि ‘जमा’ उलट्या क्रमाने येऊ शकतात. निरोपाची सही तपासा, त्याचा क्रमांक साठवा, तोच पुन्हा आला तर सोडून द्या. ब्राउझरमध्ये ‘धन्यवाद’चं पान उघडलं यावरून पैसे आले असं कधी धरू नका.

खरं सांगायचं तर बरेच शेठ ऑटोपे लावणारच नाहीत. ‘वर्षाचे एकदम घे, दोन महिने सोड’ हा त्यांचा सौदा असतो. तो घ्या. ५,९०० रुपये एकदम हाती येतात आणि बारा वेळा मागावं लागत नाही. त्यासाठी गेटवेशिवाय आलेल्या पैशाची नोंद करणारं पान हवं: रोख, बँकेतून किंवा दुकानातल्या क्यूआरवर. हे पान फक्त तुमच्यासाठी, आणि कोणी कधी नोंद केली हे त्यात राहिलं पाहिजे.

सबस्क्रिप्शनच्या अवस्था कागदावर काढून ठेवा: चाचणी (ट्रायल), चालू, थकीत, फक्त वाचन, थांबवलेलं, बंद. पैसे चुकले की लगेच कुलूप लावू नका. सात-आठ दिवस थकीत ठेवून सगळं चालू द्या, मग फक्त वाचन. भर खरेदीत गाड्या उभ्या असताना तुमच्या ५९० रुपयांसाठी काटा अडला तर तो व्यापारी पैसे भरेलही, पण पुढच्या महिन्यात दुसरं शोधेल.

चुका, बदल, बॅकअप

‘मंगळवारच्या नोंदी चुकून पुसल्या, परत आण’ असा फोन येईल. बॅकअप आहे, पण तो सगळ्या फर्मचा एकत्र. एकासाठी सगळ्यांना मंगळवारात नेता येत नाही. म्हणून पावती खरोखर पुसूच नका, ‘रद्द’ अशी खूण करा आणि कोणी, कधी, आधी काय होतं हे बदलांच्या वहीत लिहा. हिशोबनीस आणि शेठ यांच्यात वाद झाला तर हीच वही उघडतात. बॅकअप रोज घ्या आणि महिन्यातून एकदा दुसऱ्या मशिनवर उलगडून बघा. न उलगडलेल्या बॅकअपला मी बॅकअप म्हणत नाही.

नवा बदल आधी एका ओळखीच्या फर्मला चालू करा, दोन-चार दिवस बघा, मग बाकीच्यांना. यासाठी फर्मनिहाय चालू-बंद खुणा ठेवाव्या लागतात. कामाच्या वेळी बदल चढवू नका. केळीवाल्याची कामाची वेळ पहाटेची असते हे विसरून रात्री दोनला चढवणारे बरेच आहेत.

शेतकऱ्यांची नावं, मोबाइल, बँक खाती तुमच्याकडे साठतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ प्रमाणे ही वैयक्तिक माहिती. ती कशासाठी वापरायची हे व्यापारी ठरवतो, तुम्ही त्याच्या वतीने सांभाळता. ती दुसऱ्याला विकून जोडधंदा करायचा मोह होईल, खत-बियाणेवाले विचारतीलही. नाही म्हणा.

सोडून जाणाऱ्याची वाट

हे पान सगळ्यात शेवटी आणि नाइलाजाने बनवलं जातं. मी म्हणतो पहिल्या महिन्यात बनवा. ‘माझा हिशोब तुमच्याकडे अडकला तर?’ हा प्रश्न इथला प्रत्येक व्यापारी विचारतो, आणि तेव्हा तोंडी हमीपेक्षा बटण दाखवलेलं बरं. सगळ्या पावत्या, खाती, उचल, वसुली एक्सेलमध्ये उतरली पाहिजे. सीएला देता येईल अशी, टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढणारी एक्सएमएल फाइलही असू द्या. हे थकीत खात्यालाही मिळावं.

खातं बंद करताना एकच प्रश्न विचारा, चार पर्याय द्या: महाग वाटतं, वापरायला जड जातं, दुसरं घेतलं, हंगाम संपला. चौथा निवडणाऱ्याला बंद करण्याच्या बटणाआधी ‘थांबवा’ दाखवा. बाकीच्यांना ९० दिवसांची मुदत कळवा, मग मुख्य डेटाबेसमधून त्यांची माहिती काढा आणि जुन्या बॅकअपमधून ती किती दिवसांत जाईल ती तारीख त्याच मेसेजमध्ये लिहा.